डुकराला पाजलेली पेज

एका इटालियन गाडीच्या सीटला मी भाताची पेज पाजली.

थांबा, इतक्यात हसू नका. हसायला पुढे जागा आहे, आणि त्याच्याही पुढे हसायला अजिबात जागा नाही. तेव्हा मी तरुण होते, एकसष्ट वर्षांची. केस पांढरे झाले म्हणजे डोक्याच्या आतलंही पिकलं असणार, अशी माझी समजूत होती. आज नातवंडं मला मोबाइल कसा धरायचा ते शिकवतात तेव्हा ती एकसष्टची बाई आठवते. तिलाही असंच कुणीतरी हाताला धरून खाली बसवायला हवं होतं. पण तिला बोलायची कुणाची छाती नव्हती. वसईतल्या सांडोरपासून नालासोपाऱ्यापर्यंत गाडीच्या सीटमधलं जे काही कळतं ते फक्त आपल्याला, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायची.

धंदा माझा कुशनचा. कुशन म्हणजे सोफ्यावरच्या उश्या नव्हेत. गॅरेजच्या जगात गाडीच्या आत जे जे मऊ असतं ते सगळं कुशनवाल्याचं. सीट, सीटची कव्हरं, दाराच्या आतलं रेक्झिन, छताला आतून ताणलेलं कापड, रिक्षाचं हूड. डेंटर पत्रा ठोकतो, पेंटर रंग मारतो, मेकॅनिक इंजिनात हात घालतो. त्यांच्या कामाकडे लोक बघतात. आमच्या कामावर लोक बसतात.

मी मूळची ब्लाउज शिवणारी. एकदा एक रिक्षावाला फाटलेलं हूड घेऊन दारात आला, कारण त्याच्या बायकोचा ब्लाउज मी चांगला शिवला होता. मी म्हणाले, आणा इकडे, कापड ते कापड. पहिल्याच टाक्याला सुई मोडली, दुसरीही मोडली, तिसरी माझ्या बोटात गेली. पण हूड झालं, आणि पुढच्या पावसात त्याची रिक्षा गळली नाही. मग त्याचे भाऊबंद आले. ब्लाउज मागे पडले, जाड सुईचं मोठं मशीन आलं आणि पडवीचा कारखाना झाला. नवं गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "मालक आहेत का?" मी म्हणायचे, "वाडीत केळीला पाणी देतायत." खोटं नव्हतं. आमचे हे केळीच्या वाडीचे मालक होतेच. गिऱ्हाईक तासभर थांबून त्यांची वाट बघायचं, आणि तेवढ्यात मी त्याची सीट शिवून हातात द्यायचे.

माणसं एकेक भेटली. एक रिक्षावाला म्हणाला, "काकी, मागची सीट जरा कडक करा. मऊ असली की लोक झोपतात, उठवायला जीव जातो." एकानं नवीकोरी कव्हरं करून घेतली आणि त्यांच्यावर प्लॅस्टिक घालून आयुष्य काढलं. त्या कव्हरांना शेवटपर्यंत माणसाचा स्पर्श झाला नाही. आणि एका लग्नासाठी मी जीपच्या सीटला लाल मखमल लावली. वैशाख महिना, नवरीचा पांढरा झगा. चर्चपाशी ती उतरली तेव्हा पाठीमागून झगा गुलाबी झाला होता. बिचारी रिसेप्शनभर भिंतीला पाठ लावून उभी होती. मखमल धुऊन रंग जातो का हे बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नव्हतं. नवरीच्या घरचे आले तेव्हा मी सांगितलं, दुकानदारानं फसवलं. असं मला पटकन सुचायचं. माझ्या धंद्यात सुई चालली त्याहून जीभ जास्त चालली, आणि तिला कधी बोथट झालेलं मी पाहिलं नाही.

आता गाडीकडे येते.

आमच्या कुंपणापलीकडे इनासभाऊ आणि मेरी राहतात. त्यांची घरातली बोली वेगळी, आमची वेगळी, पण कुंपणावर दोन्ही बोली भेटल्या की तिसरीच कुठली तरी सरळ मराठी तयार होते. इनासभाऊंनी सगळी नोकरी मुंबईत एका शेठच्या घरी ड्रायव्हर म्हणून काढली. शेठ गेला, बिल्डिंग पाडायला निघाली, तेव्हा खालच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडलेली शेठच्या बापाची गाडी शेठच्या मुलानं इनासभाऊंना देऊन टाकली. टेम्पोवर चढवून ती सांडोरला आली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या नाकाडाचा गोलसर आकार बघून मुंबईत तिला सगळे डुक्करच म्हणायचे, त्यावरून जुन्या माणसांना कळेल. जन्मानं इटालियन, पुढची दारं उलट्या बाजूनं उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पत्र्याला भोकं पडलेली, सीटमधून स्प्रिंगा वर आलेल्या.

मेरीनं कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पोरं परदेशी गेली, घर रिकामं झालं, तर ह्यानं डुक्कर आणलं."

इनासभाऊ हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, एवढी वर्षं गाडी चालवली, पण माझ्या शेजारी माझी बायको एकदाही बसली नाही. शेठ मागे, शेठाणी मागे, शेजारी शेठाणीचा कुत्रा. मला एकदा आपल्या गाडीतून मेरीला चर्चला न्यायचंय. नाताळच्या सकाळच्या मिस्साला. मी चालवणार, ती शेजारी."

"मग नेऊ की," मी म्हणाले. "घाई कसली?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं दिसत होतं, पण दोन्ही बाजूंनी पडदे ओढत आणल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही. सध्या दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर ठीक आहे, पुढच्या वर्षीचं मी काही सांगणार नाही. मेरीला त्यांनी हे अर्धंच सांगितलं होतं.

म्हणजे काम एवढंच होतं. नाताळपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची. नुसती चालू करून भागत नव्हतं, आरटीओचं पासिंग व्हायला हवं होतं. ब्रेक, दिवे, हॉर्न, सगळं तपासून कागदावर शिक्का बसल्याशिवाय इनासभाऊ गाडी फाटकाबाहेर काढणारे नव्हते. शेठच्या गाडीलाही त्यांनी कधी चुकीच्या जागी उभं केलं नव्हतं.

इंजिनाचं काम आचोळ्याच्या गफूरभाईंनी घेतलं. ते दर रविवारी स्कूटरवर अवजारांची पिशवी अडकवून यायचे. पत्र्याचा गंज आम्ही तिघांनी घासला. मी, इनासभाऊ आणि "मला काय करायचंय त्या डुकराशी" म्हणत येणारी मेरी. पॉलिश पेपर घासून आमच्या बोटांवरच्या रेघा गेल्या. छताचं कापड मी एकटीनं लावलं. गाडीत उताणं पडायचं, मधल्या तारेपासून सुरुवात करायची आणि कडेकडेला ताणत न्यायचं. एक सुरकुती राहिली तर पुन्हा सगळं उसवायचं. वरून घाम डोळ्यांत, तोंडात टाचण्या. इनासभाऊ काचेतून डोकावून म्हणायचे, "वहिनी, आत जिवंत आहात ना?"

मग सीटची पाळी आली, आणि माझ्या अंगात आलं.

सीटला मजले असतात. तळमजल्यावर स्प्रिंगा, त्यांच्यावर गोणपाट, मग भरण, मग कव्हर. आजकाल भरण म्हणून फोमचा तुकडा कापून टाकतात. त्या जुन्या गाड्यांत काथ्या आणि घोड्याचे केस दाबून केलेली गादी असायची. मी जुनी सीट उसवली, ती पिवळी पडलेली गादी बघितली, आणि ठरवलं की या सीटला फोम लावणार नाही. शहाण्या बाईनं काथ्या आणला असता. पण त्याच सुमारास बचत गटाच्या शिबिरात आम्हाला केळीच्या सोपटापासून, म्हणजे खोडाच्या सालीपासून, पर्सा करायला शिकवल्या होत्या. माझ्या पर्सला टाळ्या पडल्या होत्या. टाळ्यांचं वाईट असतं. माणूस घरी येतो तरी त्या वाजतच राहतात.

गाडी इटलीची, सीट वसईच्या केळीची! मला झोप लागेना. आमच्या वाडीतली खोडं कापली, सोपटं ठेचली, धागे काढले, पडवीभर वाळत घातले. गणपतीचे दिवस, हवा दमट. हे जाता जाता चिमटीत धागा धरून म्हणाले, "ओलं आहे अजून." मी म्हणाले, "तुम्ही केळी पिकवा." धागे मऊ होते, एकमेकांना धरून राहीनात. गादीला ताठपणा हवा. सुती साडीला ताठपणा कशानं येतो? खळीनं. मग मी भाताची पेज केली, गाळली, पातळ केली आणि थरावर थर देत सगळ्या भरणाला पाजली. वर फळी ठेवून जातं ठेवलं. दोन दिवसांनी अशी सुंदर गादी तयार झाली म्हणता, की मी तिच्यावर बसून चहा प्यायले.

कव्हरंही जीव ओतून केली. पिवळसर रेक्झिन, कडेला तपकिरी पायपिंग, शिवणीवरची गोल किनार. पुढच्या सीटचं पायपिंग तर मशीनवर न करता वाकड्या सुईनं हातानं घातलं. सगळ्या गावाला बोलावून दाखवलं. इनासभाऊ पुढे बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले, नाक वर करून म्हणाले, "वहिनी, सीटला जेवणाचा वास येतो. भूक लागते बसल्यावर."

सगळे हसले. मीही हसले. त्या वासाकडे लक्ष द्यायला तिथे माझ्याशिवाय कुणी जाणकार नव्हतं, आणि जाणकार बाई हसत होती.

दिवाळीत इंजिन चालू झालं. इनासभाऊंनी अंगणात गाडी पुढे-मागे केली आणि खाली उतरून बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. पासिंगची तारीख मिळाली, नाताळच्या आधीची. मेरीनं मिस्साला घालायची साडी काढून उन्हात टाकली. डुकराशी आपला संबंध नाही असं तिनं पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितलं आणि साडी इस्त्रीला दिली.

डिसेंबरात एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. मी गेले. इनासभाऊ किल्ली फिरवत होते आणि काहीच होत नव्हतं. दिवा नाही, हॉर्न नाही, इंजिनाची साधी खाकरही नाही. गफूरभाईंना फोन झाला. ते आले, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि आतूनच बोलले, "काकी, चूहे पूरी वायरिंग खा गये. एक तार नहीं छोडा."

त्या गाडीच्या तारांना कापडाचं वेष्टन असतं. उंदरांनी ते कुरतडून तारा उघड्या केल्या होत्या, काही तोडून नेल्या होत्या. पण उंदीर आले कशाला? इतकी वर्षं शेठच्या गॅरेजमध्ये गाडी पडून होती, तिथे वायर शाबूत राहिली.

गाडीपाशी मेरीच्या कोंबड्या कणी टिपत होत्या. मेरीनं त्यांना आपल्या नणंदांची नावं दिली होती आणि सकाळी त्यांच्यावर ओरडताना तिला विशेष समाधान मिळायचं. मुलं गेल्यापासून दिवसातलं तिचं पहिलं बोलणं कोंबड्यांशीच व्हायचं.

इनासभाऊंनी कणी बघितली आणि त्यांचा आवाज चढला. "मेरी! तुझ्या कोंबड्यांनी माझी गाडी खाल्ली!"

"कोंबड्या वायर खातात काय?"

"दाणे टाकते कोण? दाण्याला उंदीर येतात. शंभर वेळा सांगितलं, गाडीपाशी दाणे टाकू नकोस!"

या वेळी मी मागच्या दारातून आत वाकले होते. सवयीनं माझा हात सीटच्या खाली गेला होता, गोणपाट कुठे सुटलं का ते चाचपायला. गोणपाटाला भोक होतं. हात आत गेला आणि बोटांना काहीतरी ऊबदार लागलं. ऊबदार आणि हलणारं. माझ्या सोपटांचा बारीक बारीक चोथा करून त्यांनी घरटं केलं होतं. पेजेचे थर खाऊन संपवले होते. तोंडी लावायला वायर.

मला सगळं कळलं. हात अजून आतच होता, तेवढ्यात इनासभाऊ वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. खोटं बोलतोय का मी?"

मेरी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "कोंबड्या म्हटल्या की उंदीर आलेच."

हे वाक्य त्या दोघांबाहेर मी एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी पाप अर्धं झालं असतं. पण मला गप्प राहायची सवय नव्हती.

"पायपिंग जरा सैल वाटतंय" म्हणून मागची सीट मी घरी आणली. घरटं काढून वाडीतल्या बावखलाच्या, पाण्याच्या डबक्याच्या, काठावर नेलं. पिल्लांचं काय केलं ते लिहीत नाही. सीटमध्ये फोम भरला, वरून तेच कव्हर चढवलं आणि सगळ्यांना सांगितलं की विचार करता फोमच टिकाऊ.

तो नाताळ तसाच गेला. इनासभाऊ आणि मेरी रिक्षानं मिस्साला गेले. रिक्षाचं हूड मी शिवलेलं होतं.

कोंबड्या मेरीनं उमेळ्याला बहिणीकडे पाठवल्या. टोपलीत भरताना एकीएकीचं नाव घेत होती. पुढे बहिणीच्या शेजारच्या वाडीत बिल्डिंग उठायला लागली, कुंपण गेलं, आणि नणंदा कुणाकुणाच्या पातेल्यात गेल्या. हे मेरीनं मला कुंपणावरून सांगितलं, दुसरंच काहीतरी सांगता सांगता.

आता तुम्ही विचाराल, पुढच्या सीटचं काय? तिच्यातही तेच भरण होतं. बरोबर. मलाही हा प्रश्न पडला होता. पण ते पायपिंग! वाकड्या सुईनं घातलेलं, टाका दिसायचा नाही असं. ते उसवायला माझा हात धजेना. शिवाय मागच्या पाठोपाठ पुढचीही सीट घरी नेली तर लोक विचारतील, का? मी रात्रंदिवस स्वतःला समजावलं की उंदीर मागे आले होते, पुढे नाही, आणि आता तर कोंबड्याही नाहीत. कव्हरच्या फटीतून डांबराच्या गोळ्या आत ढकलल्या. सीटला जेवणाचा जो वास येत होता त्यात कपाटाचा वास मिसळला.

गफूरभाईंनी नवी वायरिंग केली. तशी तयार मिळत नव्हती, एकेक तार मोजून, ओढून, गुंडाळून करावी लागली. रविवारमागून रविवार गेले. ईस्टर झाला आणि गाडीचे दिवे लागले. इनासभाऊंनी मला बोलावून दिवे दाखवले. "दोन्ही लागलेत ना?" त्यांनी विचारलं. डावीकडचा त्यांना डोकं वळवल्याशिवाय दिसत नव्हता.

पासिंगच्या आधी पुन्हा तारा तुटल्या. या वेळी पुढून, सीटच्या खालून, थेट डॅशबोर्डपर्यंत.

पहिल्या वेळी मी मूर्ख होते. मूर्खपणाला माफी असते, निदान मी तरी लोकांना अशी माफी पुष्कळदा दिली आहे. या दुसऱ्या वेळेला मूर्खपणा म्हणता येत नाही. मी तोंड उघडलं असतं तर एका दुपारी पुढची सीट उसवून झाली असती आणि मेच्या आत इनासभाऊ मेरीला घेऊन गेले असते. नाताळ नाही तर नाही, साधा रविवार चालला असता. त्यांना तेव्हा समोरचा रस्ता दिसत होता.

मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. इनासभाऊ बोलले. कोंबड्या नव्हत्या, तरी ते बोलले. म्हणाले, "दाणे अजून फटीत असतील. एवढी वर्षं टाकलेत तिनं." पुढची सीट मी आपली कुणी न विचारता घरी आणली आणि हातानं घातलेलं ते पायपिंग ब्लेडनं कापलं. आत खाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मग पावसाळा. गाडी उभी होती त्या उघड्या मांडवात वायरिंगचं काम होईना, गफूरभाई आईच्या आजारपणासाठी गावी गेले आणि लवकर परतले नाहीत. कुंपणापलीकडे दिवस कसे जात होते ते मला ऐकू यायचं. इनासभाऊ दाराच्या चौकटीला धडकायचे आणि म्हणायचे, "कोंबड्या." पाण्याचा पेला हातातून निसटायचा आणि म्हणायचे, "कोंबड्या पाळायच्या होत्या ना तुला!" डोळ्यांवर रागावून उपयोग नव्हता, म्हणून ते मेरीवर रागवायचे. एरवी ते असे नव्हते. मेरीचा आवाज मला कधी ऐकू आला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर गाडी तयार झाली. पासिंगही झालं. आरटीओच्या माणसानं गाडीभोवती फिरून मोबाइलवर फोटो काढले. आत डोकावून म्हणाला, "सीट कुणी केली? सुंदर आहे." मी तिथे उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी नाव सांगितलं नाही.

गाडी घरी आली तेव्हा इनासभाऊ फाटकात उभे होते. तोवर त्यांना उजेड-अंधार कळत होता आणि समोर माणूस आहे एवढं कळत होतं, कोण ते नाही. गफूरभाई म्हणाले, "भाऊ, समोरचं मैदान रिकामं आहे. कोणी नाही. मी शेजारी बसतो, तुम्ही घ्या स्टिअरिंग. दहा कदम."

इनासभाऊंनी मान हलवली. "एवढ्या वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडीचं पिल्लू आलं नाही, गफूर. न दिसता चालवतो तो ड्रायव्हर नव्हे."

मग ते मागचं दार चाचपडत उघडून मागे बसले. जिथे शेठ बसायचा तिथे. मेरी त्यांच्या शेजारी बसली. गफूरभाईंनी दोघांना चर्चपर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर इनासभाऊ उतरले, वळले, सीटवरून हात फिरवला आणि माझ्या दिशेनं, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे बघून म्हणाले, "वहिनी, सीट एक नंबर. कमरेला धक्का लागला नाही."

ते कौतुक मला घरापर्यंत नेता आलं नाही. मी त्यांच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पेज, घरटं, फोम, डांबराच्या गोळ्या, दुसरी वेळ. मध्ये मध्ये मी नेहमीसारखं काही गमतीचं घालायला गेले, पण ते माझं मलाच ऐकवेना. इनासभाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

मग म्हणाले, "मेरीला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगितलंत?"

एवढं बोलून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी घराला वळसा घालून मागे गेले. मेरी मोरीजवळ पाटावर बसून सुकट निवडत होती. चर्चला नेसलेली साडी अजून अंगावर होती, पदर कमरेला खोचलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. या वेळी गमतीचं काही घातलं नाही. शेवटी म्हणाले, "मी तुला नव्या कोंबड्या आणून देते. उद्याच."

मेरीनं सुपातलं सुकट एकदा पाखडलं. वर न बघता म्हणाली:

"पेजेचा वास मला कळत नाही होय, मंदा? रोज करते मी. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तो मला बोलायला लागला की पलीकडे तुझं मशीन थांबायचं. मला वाटायचं, आता येईल, आता सांगेल. मग परत चालू व्हायचं."